इंग्लंडविषयी मार्गदर्शन, सोबत बटाटेवडे

आपल्या मुलीला काही सांगायचं असेल तर ते तिला सांगावं, त्यासाठी हॉल बुक करू नये, असं आता माझं ठाम मत झालं आहे. हे मत बनायला २०१० सालचा अख्खा मार्च महिना खर्ची पडला. मत तयार झालं तेव्हा त्याचा काही उपयोग उरला नव्हता, पण आमच्या घरात माझ्या बहुतेक मतांचं असंच होतं.

मी नंदन गर्गे. मूळचा पुण्याचा, आता कॅनडातल्या ऑन्टारियो प्रांतात, किचनर गावी एका सॉफ्टवेअर कंपनीत. एवढं सांगितलं की बाकीचं लोक स्वतःच ओळखतात: टाउनहाउस, ड्राइव्हवेत एक टोयोटा, आणि बेसमेंटमध्ये टेबल टेनिसचं टेबल, ज्यावर हिवाळाभर कपडे वाळत असतात. बायको उल्का आणि एकुलती एक मुलगी गौरांगी. गौरांगी बारावीत होती आणि त्या वर्षी तिला दोन ठिकाणी प्रवेश मिळाला होता. एक वॉटर्लूला, गणितासाठी, घरापासून गाडीने पंधरा मिनिटांवर. दुसरा इंग्लंडच्या उत्तरेला, पुरातत्त्वासाठी. पुरातत्त्व म्हणजे जमीन खणणं. खणायचंच असेल तर आपलं बॅकयार्ड काय वाईट आहे, असं मला वाटत होतं. तिथे उल्काला टोमॅटो लावायचे होतेच.

मला गौरांगी जायला नको होती. हे मी आत्ताच स्पष्ट सांगून टाकतो, कारण पुढचा सगळा प्रकार त्यातूनच झाला. ती कॉलेजातून संध्याकाळी घरी यावी, फ्रिज उघडून 'खायला काहीच नाही' म्हणावं, आणि मी 'पोळी आहे' म्हणावं, एवढीच माझी भविष्याची कल्पना होती. पण हे तोंडाने बोलायची सोय नव्हती. आदल्याच दिवाळीला आमच्या मराठी मंडळाच्या अंकात माझा 'मुलांना उडू द्या' हा लेख छापून आला होता. पालकांनी फक्त माहिती पुरवावी आणि निर्णय मुलांवर सोपवावा, असं मी त्यात उदाहरणांसह पटवून दिलं होतं. थेट देशाच्या दुसऱ्या टोकाच्या कोक्विटलामहून एका अनोळखी बाईंनी फोन करून 'डोळ्यांत पाणी आलं' असं सांगितलं होतं. ज्या माणसाने कोक्विटलामपर्यंत पाणी काढलं, त्याने आपल्या पोरीला 'जाऊ नकोस' कसं म्हणायचं?

"तिला सरळ सांग ना," उल्का म्हणाली. "म्हणावं, तू लांब गेलीस तर मला करमणार नाही. एक वाक्य आहे."

"असं कसं सांगू? लेख छापून आलाय."

"मग नवीन लेख लिही."

उल्काला साहित्यातलं फारसं कळत नाही. मी जेवताना गौरांगीकडे विषय काढला, म्हणजे अगदी अंग राखून काढला.

"काय ठरतंय मग तुझं?"

"आय एम थिंकिंग, बाबा," ती ताटाकडे बघत म्हणाली.

"छान, छान. कर विचार. मी काहीच बोलणार नाही. तुझा निर्णय आहे."

"ओके," ती म्हणाली आणि आमटी जास्तच लक्ष देऊन खाऊ लागली. इंग्लंडचं पत्र आल्यापासून आमचं बोलणं हे एवढंच होत असे. मी तिच्याकडे बघायचं टाळत होतो, कारण बघितलं की माझा चेहरा काहीतरी बोलून जायचा.

तेव्हा मी माझ्याच लेखाचा आधार घेतला. पालकांनी माहिती पुरवावी, असं मीच लिहिलं होतं. मग पुरवू या माहिती. फक्त कोणाकडून पुरवायची, हे पालकांनी ठरवू नये असं लेखात कुठेही म्हटलेलं नव्हतं. मला लगेच डॉक्टर गुरुदत्त तेलंग आठवले.

डॉक्टरकाका आमच्या भागातले सर्वांत जुने मराठी गृहस्थ. एकोणसत्तर साली कॅनडात आले, हाडांचे डॉक्टर म्हणून नाव कमावलं, आता निवृत्त आहेत. पण कॅनडात येण्याआधी ते पाच वर्षं इंग्लंडात होते, न्यूकासलच्या बाजूला, शिकायला. त्या पाच वर्षांचा राग त्यांनी पुढची चाळीस वर्षं जपून ठेवला होता. कुठल्याही घरच्या पॉटलकला, म्हणजे ज्याने त्याने पदार्थ आणायच्या जेवणाला, ते हातात ताट घेऊन उभे राहिले की 'त्या देशात' अशी सुरुवात व्हायची. त्या देशात घरमालकीण रोज उकडलेली कोबी घालायची. त्या देशात आठवड्यातून एकदा आंघोळ. त्या देशात एक नळ उकळता आणि एक बर्फाचा, मधलं पाणी राणीलाही माहीत नाही. खोली भाड्याने देतो म्हणून पाटी लावायचे आणि तोंड बघून दार लावून घ्यायचे. हे ऐकता ऐकता आम्ही कित्येकांनी इंग्लंडला फिरायला जाण्याचे बेत रद्द करून क्युबाला जाऊन आलो होतो. काकांना एका शनिवारी बेसमेंटमध्ये चहाला बोलवायचं, गौरांगीला समोर बसवायचं, आणि 'काका, तुमचे अनुभव सांगा' असं म्हणून आपण वर जाऊन चिवडा आणायचा. चिवडा येईपर्यंत इंग्लंडचा निकाल लागला असता.

एवढा साधा बेत होता. माझी चूक झाली ती इतकीच की मी तो फोनवर संजयला सांगितला.

संजय हा उल्काचा भाऊ. हल्ली लंडनला असतो, म्हणजे आपल्या ऑन्टारियोतल्या लंडनला. पण एकदा कंपनीने त्याला तीन आठवड्यांसाठी इंग्लंडला पाठवलं होतं. त्याने ते तीन आठवडे हॉटेल आणि हॉटेलखालचं पंजाबी रेस्टॉरंट यांच्यात काढले, आणि तेव्हापासून ब्रिटिश समाजजीवनावर तो अधिकारवाणीने बोलतो. "डॉक्टरकाका सिक्स्टीजचं सांगतील," तो म्हणाला. "करंट इन्फर्मेशन कोण देणार? मी स्लाइड्स घेऊन येतो." मी नाही म्हणू शकलो नाही. मेहुण्याला नाही म्हणण्याची पद्धत आमच्याकडे अजून निघालेली नाही.

संजयने चित्राला सांगितलं. चित्रा आणि नंदकुमार आमच्या मागच्या गल्लीत राहतात, त्यांचा ओजसही कुठे कुठे अप्लाय करत होता. "आमच्या ओजसलाही ऐकू दे," चित्रा म्हणाली, "आणि बरोबर आमच्या शेजारच्या यामिनीच्या मुलांनाही आणते, ती काय घरी बसून गेमच खेळतात." चित्राने सुनेत्राताईंना सांगितलं. सुनेत्राताई मंडळाच्या अध्यक्ष. त्यांचा फोन आला तेव्हा मी ऑफिसच्या मीटिंगमध्ये होतो, तरी उचलला, कारण न उचलल्यास त्या घरी येतात.

"नंदन, हे असं कोपऱ्यात नाही करायचं," त्या म्हणाल्या. "परदेशी शिक्षण हा आपल्या पुढच्या पिढीचा प्रश्न आहे. मंडळातर्फे मेळावा घेऊ. संयोजक तुम्ही. तुमच्यासारखा पुरोगामी पालक दुसरा कोण आहे?"

करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, असं म्हणतात. माझ्या गणपतीला त्याच संध्याकाळी ईमेलने शेपूट फुटलं. 'इंग्लंडमधील विद्यापीठ जीवन: मार्गदर्शन मेळावा. प्रमुख पाहुणे डॉ. गुरुदत्त तेलंग. अल्पोपहार: बटाटेवडे.' बटाटेवडे म्हटल्यावर ज्यांना मुलंच नव्हती अशा घरांतूनही नावं येऊ लागली.

मग हॉल. कम्युनिटी सेंटरमधल्या बाई अतिशय सभ्य होत्या. कॅनडात तुमचं काम अडवणारा माणूस नेहमी अतिशय सभ्य असतो, त्यामुळे त्याच्यावर चिडताही येत नाही. कार्यक्रम कुठल्या प्रकारचा, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, शैक्षणिक. शैक्षणिक कार्यक्रमाला सवलत होती, पण मग जेवणखाण आणता येणार नव्हतं. मी म्हटलं, मग सामाजिक करा. सामाजिकला विमा लागत होता. विम्याच्या माणसाला फोन केला, तर तो विचारू लागला की नाच असेल का?

"नाही," मी म्हटलं.

"लोक आनंदात आले आणि आपणहून नाचू लागले तर?"

"आमच्या कार्यक्रमांत असं आजवर झालेलं नाही," मी खात्रीने सांगितलं. ते त्याने लिहून घेतलं.

खरी अडचण दीपप्रज्वलनाची आली. हॉलमध्ये उघडी ज्योत पेटवायला अग्निशमन विभागाची परवानगी लागत होती आणि तिला सहा आठवडे. मी बाईंना समजावलं की दिवा लावल्याशिवाय आमचं सुरू होत नाही.

"काय सुरू होत नाही?" त्यांनी काळजीने विचारलं. "काही यंत्र आहे का?"

शेवटी डॉलरच्या दुकानातून बॅटरीवर मिणमिणणारे छोटे दिवे आणून ते समईत बसवायचे ठरले. मुख्य पाहुण्यांनी वात पेटवण्याऐवजी दिव्याच्या बुडाचं बटण दाबायचं. सुनेत्राताईंना हे पटायला वेळ लागला. धर्मात बॅटरी चालते का, यावर कार्यकारिणीत दोन तट पडले आणि नंदकुमारने निवडणुकीत उभं राहण्याची धमकी दिली. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं येतात, पण निदान तिथे नवरीला लग्न हवं असतं. मला तर हा मेळावा नको होता. मला फक्त एक चिडका म्हातारा आणि एक कप चहा हवा होता.

हॉलच्या किचनमध्ये फक्त गरम करता येत होतं, तळता येत नव्हतं. म्हणून वडे आमच्या गॅरेजमध्ये तळायचे ठरले. आपल्या लोकांनी कॅनडात गॅरेज नावाची खोली तळणासाठीच बांधलेली असते, गाडी बाहेर बर्फात उभी असते. मेळाव्याच्या दिवशी सकाळी गॅरेजचं दार अर्धं उघडं ठेवून, डोक्याला टोपी आणि अंगात विंटर जॅकेट घालून मी कॅम्पिंगच्या शेगडीवर वडे सोडत होतो. उल्का आणि चित्रा सारण वळत होत्या. गौरांगी स्वतःहून मदतीला आली होती आणि बॅटर ढवळत उभी होती.

"थंडीची तयारी ठेव हं," चित्रा तिला सांगत होती. "इंग्लंडची थंडी वाईट."

"काकू, इट्स लाइक प्लस फाइव्ह देअर," गौरांगी म्हणाली. आमच्या ड्राइव्हवेत त्या वेळी उणे अकरा होतं आणि सकाळीच तिने फावड्याने त्यावरचा बर्फ काढला होता.

"प्लस असली तरी दमट! हाडात शिरते. आपली कशी कोरडी, स्वच्छ थंडी."

मी कढईमागून दुजोरा दिला. दमटपणावर मी थोडं विस्ताराने बोललो. तेवढ्यात शेजारचे श्मिटसाहेब अग्निशामक नळकांडं हातात घेऊन धावत आले. त्यांना गॅरेजमधून धूर दिसला होता. गैरसमज मिटल्यावर त्यांनी नळकांडं खाली ठेवलं, दोन वडे खाल्ले आणि विषय कळल्यावर म्हणाले की त्यांच्या बायकोची मावशी यॉर्कशरला होती, तिथे सगळं फार ओलं असतं. मला त्यांच्याबद्दल एकदम आपुलकी वाटली. मी त्यांना मेळाव्याचं निमंत्रण दिलं आणि ते आलेही. पहिल्या रांगेत मध्यभागी बसले आणि दोन तास एक अक्षर न कळता, कोणीही मराठी माणूस ऐकणार नाही इतकं मन लावून त्यांनी ऐकलं.

हॉल भरला. डॉक्टरकाकांनी बटणं दाबली. पाचांपैकी चार दिवे लागले आणि पाचवा सुनेत्राताईंनी नंतर आपटून लावला. मग संजय उभा राहिला.

संजयचं काम चांगलं चाललं होतं. तिथे लोक 'आर यू ऑलराइट?' विचारतात, पण त्यांना उत्तर नको असतं. आपण तब्येतीचं सांगू लागलो तर घाबरतात. बाथरूमचा दिवा दोरी ओढून लावावा लागतो. होस्टेलचं किचन सहा जणांत एक, दुधाच्या बाटलीवर नाव लिहायचं, तरी दूध जातं. गेल्या गेल्या डॉक्टरकडे नाव नोंदवायचं, आजारी पडायची वाट बघायची नाही. दर स्लाइडला मी चोरून गौरांगीकडे पाहत होतो. ती तिसऱ्या रांगेत ओजसशेजारी बसली होती आणि तिच्या चेहऱ्यावर काही दिसत नव्हतं. मग मार्कांची स्लाइड आली.

"तिथे सत्तर मिळाले की फर्स्ट क्लास," संजय म्हणाला. "साठ म्हणजे उत्तम. सत्तरच्या वर गेलं की प्रोफेसर स्वतः अभिनंदन करतात."

हॉलमध्ये कुजबूज झाली. नंदकुमार उठून उभा राहिला. "मग उरलेले तीस कुठे जातात?"

"कोणालाच देत नाहीत."

"कधीच?"

"कधीच."

अशी शांतता मी आमच्या मंडळात श्रद्धांजलीच्या वेळीही अनुभवलेली नाही. अठ्ठ्याण्णव मिळाल्यावर 'दोन कुठे गेले' विचारणाऱ्या घरांतले लोक होते ते. सत्तर मार्कांना डोक्यावर घेणारा देश त्यांच्या डोळ्यांसमोर उभा राहिला आणि कित्येक आयांनी पदर नसताना पदर सावरला. मी मनातल्या मनात संजयची पाठ थोपटली. पण तिसऱ्या रांगेतून ओजसचा आवाज आला, "वेट, सेव्हन्टी इज इनफ?" आणि पोरं पहिल्यांदाच फोनमधून वर बघू लागली. त्यात संजयने सांगून टाकलं की काही विषयांना आठवड्याला आठच तास वर्ग असतात, बाकी वेळ आपापलं वाचायचं. पोरांनी खुर्च्या पुढे ओढल्या. मी मात्र चिंता केली नाही, कारण डॉक्टरकाका अजून बोलायचे होते.

डॉक्टरकाकांच्या भाषणाआधी त्यांचा सत्कार झाला. सुनेत्राताईंनी त्यांच्या खांद्यावर शाल घातली, हातात श्रीफळ दिलं, टाळ्या झाल्या. काका माइकपाशी गेले आणि त्यांनी शाल नीट केली.

"त्या देशात," ते म्हणाले, आणि मी खुर्चीत आरामात मागे टेकलो, "त्या देशात मी माणूस झालो."

मी पुन्हा पुढे झालो.

"माझी घरमालकीण होती, मिसेस हार्टली. रोज कोबी उकडून घालायची. मी पहिल्या परीक्षेत नापास झालो त्या दिवशी काही बोलली नाही. वर जाऊन बघतो तर माझ्या अंथरुणात गरम पाण्याची पिशवी ठेवलेली. आईनंतर माझ्यासाठी रोज स्वयंपाक करणारी पहिली बाई ती. त्या कोबीची चव अजून जिभेवर आहे."

चाळीस वर्षं शिव्या खाल्लेली ती कोबी होती. खोली नाकारणाऱ्या घरांविषयीही ते बोलले. अपमान झाला होता, हे लपवलं नाही त्यांनी, पण म्हणाले, ती दारं बंद झाली म्हणून मी चालत सुटलो आणि ते शहर गल्लीन् गल्ली माझं झालं. आठवड्याच्या एका आंघोळीतूनही त्यांनी मित्रांची काहीतरी गोष्ट काढली. श्मिटसाहेब मान डोलवत होते.

"आणि एक सांगतो," काका म्हणाले. "आमचे प्रोफेसर होते. त्यांनी एकदा एक्सरे समोर धरला आणि मला विचारलं, तुला काय वाटतं? मी पुस्तकातलं सांगू लागलो. ते म्हणाले, पुस्तकाला काय वाटतं ते मला ठाऊक आहे, तुला काय वाटतं? मी चोवीस वर्षांचा होतो. तोवर मला हे कोणी विचारलंच नव्हतं. वडिलांनी नाही, शिक्षकांनी नाही. सगळ्यांनी फार प्रेम केलं, पण विचारलं नाही कोणी."

लोक उभे राहून टाळ्या वाजवू लागले. मीही उभा राहिलो, संयोजकाला बसून राहता येत नाही. उभा असतानाच माझी चूक माझ्या लक्षात आली. मी त्या माणसाला शाल घालू दिली होती. आपल्या लोकांत एकदा खांद्यावर शाल पडली की माणूस कशाहीविषयी वाईट बोलू शकत नाही, मग तो देश असो, सासुरवाडी असो की कोबी. आयुष्यभर मी असे कार्यक्रम पाहत आलो. बायकोला छळणाऱ्यांनी सहचारिणीचं ऋण मानलेलं ऐकलंय, साहेबाला शिव्या घालणाऱ्यांनी निवृत्तीच्या दिवशी त्याच साहेबाला पितृतुल्य म्हटलेलं ऐकलंय. बेसमेंटमध्ये शालीशिवाय, नुसत्या चहावर काका बोलले असते तर इंग्लंड जागच्या जागी संपलं असतं.

वड्यांच्या वेळी पाहिलं, तर गौरांगी काकांसमोर बसली होती. काका टेबलावर बोटाने रेघ ओढून दाखवत होते. तिकडे उत्तरेला रोमन लोकांनी बांधलेली भिंत आहे, सुट्टीच्या दिवशी ते तिच्या कडेकडेने चालायचे. गौरांगी प्रश्नामागून प्रश्न विचारत होती, हातातला वडा तसाच, आणि ती हसत होती. लहानपणी बॅकयार्डात फुटक्या बशीचा तुकडा सापडला तेव्हा ती अशी पळत आली होती. त्यानंतर हा चेहरा मी पाहिला नव्हता. मी चटणीचं भांडं घेऊन थोडा वेळ तिथेच उभा राहिलो आणि मग लोकांना चटणी वाढत पुढे गेलो.

सगळं आवरून आम्ही सामान गाडीकडे नेत होतो. उल्का समई घेऊन पुढे गेली. वडे जिच्यात भरून आणले होते ती मोठी कढई एकट्याला उचलवत नव्हती, म्हणून तिचा एक कान मी आणि एक कान गौरांगीने धरला होता. पार्किंग लॉटमधला बर्फ पायाखाली करकरत होता.

"बाबा, कॅन आय टेल यू समथिंग?" ती म्हणाली. "मी वॉटर्लू ठरवलं होतं."

मी थांबलो, त्यामुळे कढई थांबली, त्यामुळे तीही थांबली.

"ठरवलं होतं?"

"येत्या संडेला तुम्हाला सांगणार होते. ते लेटर आल्यापासून यू वर बीइंग सो वीअर्ड. माझ्याकडे बघतच नव्हता तुम्ही. आय थॉट, मी गेले तर तुम्ही दोघं लोनली व्हाल. सो आय वॉज लाइक, ओके, फाइन, इट्स जस्ट फिफ्टीन मिनिट्स अवे." तिने कढईच्या कानावरची पकड बदलली. "देन यू डिड ऑल दिस. हॉल, डॉक्टरकाका, ती फनी समई. यू फ्राइड स्टफ इन अ गॅरेज इन मार्च! कोणाचे बाबा असं करतात? तेव्हा मला कळलं की तुम्हाला खरंच मी जायला हवंय."

मी कढईत बघू लागलो.

"यू डू वॉन्ट मी टू गो, राइट?" ती म्हणाली. "खरं सांगा. तुम्ही नको म्हणालात तर आय वोन्ट गो. आय वोन्ट बी मॅड."

उत्तर माझ्याकडे तयार होतं. महिनाभर ते जिभेवर घेऊन मी फिरत होतो. आता तिने ते स्वतः मागितलं होतं. लेख मध्ये येत नव्हता, मंडळ मध्ये येत नव्हतं, आमच्या दोघांत फक्त एक तेलकट कढई होती. नको जाऊस, एवढंच म्हणायचं होतं. ती गेली नसती आणि तिने कधी बोलूनही दाखवलं नसतं, तशी ती पोर नाहीच. संध्याकाळी येऊन फ्रिज उघडला असता तिने. पण मघाची ती टेबलावरची रेघ आणि तिच्यावर वाकलेला तो चेहरा माझ्या डोळ्यांसमोरून हलेना.

"तुला काय वाटतं?" मी विचारलं. मला वाटतं, मी तिला हे पहिल्यांदाच विचारत होतो.

"आय वॉन्ट टू गो, बाबा," ती म्हणाली. "सो मच."

"मग झालं तर. मलाही तेच हवंय. उगाच का एवढा हॉल बुक केला मी?"

तिने कढई सोडली आणि मला मिठी मारली. कढई माझ्या बुटावर पडली, ती मी तिथेच राहू दिली. तिच्या नव्या जॅकेटला तेल लागलं, तेही कोणी पुसलं नाही.

परतताना उल्का गाडी चालवत होती. गौरांगी मागे कानात गाणी घालून बसली होती आणि मध्येच स्वतःशी हसत होती. मी खिडकीबाहेर किचनर बघत होतो, वास्तविक त्यात बघण्यासारखं काही नाही. दोन सिग्नल गेले. मघाशी पार्किंग लॉटमध्ये गाडीचं दार उघडं होतं, उल्काने सगळं ऐकलं असणार.

"इतक्या वर्षांच्या संसारात तुला कधी धड खोटं बोलता आलं नाही," ती शेवटी हळूच म्हणाली. "आज जमलं."

मग तिने पुढच्या कप्प्यातून एक पेपर नॅपकिन काढून माझ्या मांडीवर टाकला.

"पूस. डोळ्याला तेल लागलंय."